खुलासा : विसरलेलं कायमचं गेलेलं नसतं
‘शाळाबंदीत विशेष गरजा असलेली मुलं जे विसरली, ते आता कायमचं गेलं,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि पालकांना विनाकारण खचवणारा आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा या मुलांचा नुसता अभ्यास थांबला नाही. वाचा-उपचार (बोलणं सुधारण्यासाठीचे उपचार), व्यवसायोपचार (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार), ठरलेला दिनक्रम, सगळंच तुटलं. सराव थांबला की कौशल्य मागे पडतं, पण शिकण्याची क्षमता त्यामुळे संपत नाही. मुलाला आज काय काय जमतं हे मात्र नव्याने तपासा. त्या मुलासाठी आखलेली जुनी शिक्षण योजना तशीच पुढे रेटू नका. शिवाय गोंगाट न सोसणारी काही स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं घरच्या शांततेत उलट रमली होती. त्यांना भरल्या वर्गात हळूहळू, सुरुवातीला तासभरच, बसवावं.