झुआरी पुलावरचा ट्रॅफिक मुंबईहून दिसत नाही

खासगी एफएमवर गोव्याचं काही ऐकू येत नाही म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, 'बातम्यांना बंदी आहे ना!' बंदी आहेच. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावा, स्वतःचं करू नका. पण खासगी एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 2011 मध्ये आलेल्या सरकारी धोरणात वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या आणि आपत्तीच्या सूचना यांना बातमी धरलेलंच नाही. सकाळी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

अडतं दुसरीकडे. त्याच धोरणाने कंपन्यांना एकच कार्यक्रम आपल्या देशभरच्या स्टेशनांवर चालवायची मोकळीक दिली.

एका तासाचा हिशेब मांडून बघा. 12 मिनिटं जाहिराती, चार-चार मिनिटांची अकरा गाणी, म्हणजे 56 मिनिटं गेली. उरलेल्या चार मिनिटांत जिंगल आणि आरजेच्या (निवेदकाच्या) तीन-चार लिंक, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं. स्टेशन गोव्याचं आहे की नाही ते या चार मिनिटांत ठरतं. कार्यक्रम मुंबईहून रेकॉर्ड होऊन आला की कॉम्प्युटरचं ऑटोमेशन तो वाजवत सुटतं. झुआरी पुलाजवळ कुठ्ठाळीला ट्रक आडवा झाला तरी मध्ये घुसून सांगायला स्टुडिओत माणूस नाही. इथे रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, आणि रेडिओवर 'मस्त पाऊस, गरमागरम भजी'!

मुंबईवाल्यांनाही सगळा दोष देता येत नाही. तिसऱ्या टप्प्यात वार्षिक शुल्क ठरलं ते मिळकतीच्या 4 टक्के किंवा शहरासाठी एकदाच भरायच्या प्रवेश शुल्काच्या 2.5 टक्के, जे जास्त ते. म्हणजे धंदा बसला तरी आकडा एका मर्यादेखाली उतरत नाही. ट्रान्समीटरची वीज आणि टॉवरचं भाडं वेगळंच. हात घालण्याजोगा खर्च एकच राहतो, आरजेचा पगार. एकच स्टेशन असलेल्या स्थानिक मालकाला हे झेपणं कठीण, हे मान्य. पण पसारा मोठा म्हणून पाया पक्का, असंही नाही. देशभर पसरलेलं बिग एफएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून 2024 मध्ये नव्या मालकाकडे गेलं.

जाहिरातीत तर अनेक शहरांत स्टेशनं असलेल्या साखळी कंपन्या (आपलं साखळी गाव नव्हे) हमखास चुकतात. मोठ्या पॅकेजमध्ये गोवा वरकड म्हणून दिला जातो आणि इथला दर पडतो. उलट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठ दिवस आधी डिचोलीचा फर्निचरवाला मंगळवारी जाहिरात द्यायचं ठरवतो आणि बुधवारी सकाळी त्याला ती वाजायला हवी असते. दराची मंजुरी वरून यायला तीन दिवस लागले तर तो रिक्षेवर भोंगा लावून मोकळा होतो. त्याचंही बरोबरच आहे.

म्हणून मालक कोण यावर मी फार डोकं लावत नाही. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ पणजीत थेट माईक उघडा आहे का, आणि दर ठरवायचा अधिकार पणजीच्या मॅनेजरकडे आहे का, एवढं विचारा. रात्री अकरानंतर खुशाल मुंबईचं लावा, कोण कशाला नको म्हणेल?