टीव्हीवरनं मूल काहीच शिकत नाही म्हणे!

गेल्या आठवड्यापासनं बेळगावातल्या झाडून सगळ्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक टिळकवाडीतल्या मामींकडनं. मजकूर थोडक्यात असा: टीव्हीवरनं मूल काहीच शिकत नाही हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, रोज एक तास टीव्ही म्हणजे लक्ष दहा टक्के कमी, नऊ मिनिटं कार्टून बघितलं तरी मेंदू कायमचा बिघडतो, तर आजच केबल काढून टाका. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर मास्तर, त्यामुळं मामींना फोनवर अर्धा तास समजावत बसलो, त्या म्हणाल्या, "मग लिही की तसं ग्रुपवर, मला कशाला सांगतोस." म्हणून लिहितोय.

"काहीच शिकत नाही" हे तर साफ खोटं. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ ला टीव्हीवर सेसमी स्ट्रीट सुरू झालं, शाळेत जायच्या आधीच्या पोरांना अक्षरं-आकडे शिकवायला. पण ते सगळीकडं नीट दिसत नव्हतं, काही भागात ते यूएचएफ (वरच्या लहरींच्या) चॅनेलवर होतं आणि बऱ्याच घरातले सेट ते धड पकडायचेच नाहीत (आपल्याकडं नाही का, एकजण कौलावर चढून अँटेना फिरवणार आणि दुसरा खालनं "आलं आलं... गेलं" ओरडणार). मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच पकडलं, जिथं चित्र स्वच्छ यायचं तिथली पोरं आणि जिथं मुंग्या यायच्या तिथली पोरं. स्वच्छ चित्रवाल्या भागातली पोरं पुढं शाळेत मागं पडण्याचं प्रमाण कमी निघालं, आणि गरीब भागात फायदा जास्त. सिग्नल कुठं येतो हे काय आईबापाच्या शिक्षणावर ठरत नाही, म्हणून ही तुलना मला पटते.

दुसरं असंच काम गेंट्झको आणि शपिरो यांचं, २००८ चं. अमेरिकेत १९४८ ते १९५२ नव्या टीव्ही स्टेशनांचे परवानेच थांबवलेले, त्यामुळं काही गावांना टीव्ही लवकर मिळाला, काहींना बऱ्याच वर्षांनी. लहानपणी घरात टीव्ही होता म्हणून पुढं मार्क कमी झाले असं काही दिसलं नाही, उलट किंचित वरच, आणि जास्त फायदा कुणाला? ज्यांच्या घरात इंग्रजी बोलत नव्हते, ज्यांची आई कमी शिकलेली. हे वाचल्यावर मला आमचा वर्गच आठवला. घरात मराठी, बसस्टँडवर कन्नड, आणि एक पोरगा, त्याच्या घरात कुणाला कन्नडचा क सुद्धा येत नाही, तो चिंटू टीव्ही (पोरांचं कन्नड चॅनेल) बघून बघून पाहुण्याला "बन्नी, कूतकोळ्ळी" (या, बसा) म्हणतो. मी त्याला कन्नड शिकवलेलं नाही हे आधीच सांगतो, मला श्रेय नको.

आता कुठलाही टीव्ही कुणालाही शिकवतो असं मी म्हणत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चंदनावर (कन्नड दूरदर्शन) संवेद लागायचं आणि सह्याद्रीवर टिलीमिली, दोन्ही घरबसल्या शाळेचे धडे, चांगल्या मनानं केलेले, पण सीमाभागातली मराठी शाळेची पोरं मधेच लटकली. चंदनावर अभ्यासक्रम आपला, कर्नाटकाचा, पण मराठी नाही, सह्याद्रीवर मराठी आहे पण पुस्तक महाराष्ट्राचं. भाषा एकीकडं, धडा एकीकडं, पोरगं काय शिकणार? दोष टीव्हीचा की त्यावर काय लावलंय त्याचा, हे मेसेज लिहिणाऱ्यानं आधी सांगावं.

दहा टक्केवालं बहुतेक २००४ च्या ख्रिस्टाकिस यांच्या अभ्यासावरनं उचललंय. त्यात एक आणि तीन वर्षांच्या वयात बघितलेला टीव्ही आणि सात वर्षांच्या वयात लक्ष न लागण्याची तक्रार यांचा संबंध बघितला होता. "लक्ष दहा टक्के कमी" असं त्यात कुठं आहे? रोजच्या एका जादा तासामागं तक्रार असण्याची शक्यता साधारण नऊ टक्क्यांनी वाढलेली, तीही आईनं सांगितलेल्या तासांवरनं, आणि पोरगं काय बघत होतं हे माहीतच नाही. शिवाय चुळबुळ्या पोराला गप्प बसवायला टीव्ही लावतात, का टीव्हीनं ते चुळबुळं झालं, हे यातनं कळत नाही.

नऊ मिनिटांचा अभ्यास आहे, २०११ चा, चार वर्षांची ६० पोरं. भराभर दृश्यं बदलणारं कार्टून बघितलेल्यांनी लगेच घेतलेल्या चाचणीत चित्रं काढत बसलेल्यांपेक्षा वाईट केलं, एवढंच. चाचणी लगेच घेतलेली, "कायमचा" हा शब्द मेसेजवाल्याच्या घरचा.

एका बाबतीत मात्र मेसेज बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे तेच त्यात नीट लिहिलेलं नाही. दोन वर्षांच्या आतलं बाळ. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, समोर माणूस बसून खेळवत बोलला तेव्हा बाळांचा कान तयार झाला, तेच स्क्रीनवरनं ऐकवलं तर काहीच नाही. म्हणून "बेबी जीनियस" टाइप व्हिडिओ लावून बाळाला झोळीत टाकणाऱ्यांना माझा काही पाठिंबा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको.

आणि जे मेसेजमध्ये अजिबातच नाही ते सांगतो, कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही. २००८ च्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांची पोरं खेळत होती आणि मागं मोठ्यांचा क्विझ शो चालू, पोरं त्याकडं जेमतेम बघायची, तरी एका खेळण्यावर टिकून राहण्याचा वेळ कमी झाला. हे मी मामींना सांगितलं तेव्हा फोनवर मागं सिरियलचा आवाज येत होता आणि नातू रडत होता. मामी म्हणाल्या, "थांब हं, एवढा ब्रेक होऊ दे."