नोकरीसाठी डिपॉझिट? एक रुपयाही भरू नका

रविवारी रात्री तासगावहून दाजींचा फोन आला. भाच्याच्या नोकरीसाठी पतसंस्थेतून ४५ हजार उचलतोय, उद्या भरायचेत. कशासाठी, तर गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरणारा एक मेसेज: ‘चाकणच्या कंपन्या गुजरातला गेल्या, मेकॅनिकल संपलं. अप्रेंटिसशिप म्हणजे वेठबिगारी. आता कंपनीत शिरायचं तर डिपॉझिट भरावंच लागतं, सहा महिन्यांनी परत मिळतं. मराठी मुलांना ८० टक्के नोकऱ्या कायद्यानं आहेत, आमची एजन्सी मिळवून देते.’

मी सोळा वर्षं भोसरीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात आहे, ट्रेनींच्या मुलाखती घेतो. आधी डिपॉझिटचंच बोलतो, कारण घरं त्यानं बुडतात. खरी कंपनी माणूस घेताना त्याच्याकडून पैसे घेत नाही. घेतो तो मधला माणूस. त्याचं ‘ऑफर लेटर’ घेऊन पोरगं गेटवर येतं आणि टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या कचेरीला, त्याचं नावही ठाऊक नसतं. मागच्या जूनमध्ये आमच्या गेटवर असे दोघं आले होते. एकाच्या आईनं बांगड्या गहाण टाकल्या होत्या. दुसरी तऱ्हा याहून वाईट. पोराला खरंच कामाला लावतात, पण ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून, जिथं त्याला एक पैसा न भरता घेतलं असतं. बारा तास उभं राहून ते दोन महिन्यांत कंटाळतं, घरी जातं. मग ‘तूच सोडलंस, डिपॉझिट विसर.’ सहा महिन्यांची अट त्यासाठीच घातलेली असते.

अप्रेंटिसशिप वेठबिगारी? १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा वाचा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, उमेदवाराची नोंदणी फुकट. म्हणजे पैसे कंपनीनं द्यायचे आहेत, दाजींनी नाही. एक मात्र कबूल करावं लागेल. वर्ष संपल्यावर कायम करायची सक्ती कायद्यात नाही, आणि शिकवण्याऐवजी पोरांना वर्षभर एकाच मशीनवर उभं करणारे कारखाने मी पाहिलेत. तरी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात धरलेला, ड्रॉइंग वाचता येणारा पोरगा पुढच्या मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

गुजरातचं अर्धं खरं आहे. वेदांता-फॉक्सकॉनचा तळेगावला येणारा सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ मध्ये तिकडे गेला, आम्हालाही लागलं ते. पण पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. आणि तळेगावात जनरल मोटर्सनं सोडलेला कारखाना ह्युंदाईनं घेतला. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन चाकणमध्येच आहेत.

८० टक्क्यांचं म्हणाल तर ते सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठीचं राज्याचं धोरण आहे. ते दाखवून कुणी एजंट तुम्हाला खुर्ची मिळवून देऊ शकत नाही. हरियाणानं ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता, तो २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केला.

दाजींनी पैसे काढले नाहीत. काल रात्री व्हिडिओ कॉलवर त्या सरकारी पोर्टलवर भाच्याचा शिकाऊ उमेदवारीचा फॉर्म भरून घेतला, मार्कशीट अपलोड झाली. एजन्सीच्या माणसाचे तेवढ्यात चार फोन येऊन गेले, ‘आजची शेवटची तारीख’ म्हणून. नंबर ब्लॉक केला आणि मेसेज आला होता त्या प्रत्येक ग्रुपवर हे टाकतोय.