सी ड्राइव्ह कॉपी-पेस्ट केला म्हणजे बूट होणारा बॅकअप झाला, हे खरं नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. सी ड्राइव्ह उघडा, सगळं सिलेक्ट करून एक्सटर्नल डिस्कवर पेस्ट करा, मशीन बंद पडलं की त्याच डिस्कवरून विंडोज चालू होईल, एकदा केलं की कायमची चिंता मिटली. लोक खरंच यावर विसंबून बसतात आणि डिस्क गेल्यावर कळतं की हातात काहीच नाही, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे "त्याच डिस्कवरून चालू होईल". नाही होणार. यूईएफआय (मशीन सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर) असलेलं मशीन चालू झाल्यावर आधी सी ड्राइव्ह बघतच नाही, ते ईएफआय सिस्टिम पार्टिशन शोधतं. हे साधारण 100 एमबीचं, फॅट32 फॉरमॅटचं वेगळं पार्टिशन असतं, त्याला ड्राइव्ह लेटर नसतं त्यामुळे एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही, आणि विंडोज सुरू करणारा बूट मॅनेजर तिथे असतो. जे दिसत नाही ते तुम्ही कॉपी कसं करणार?

"सगळं सिलेक्ट करा" हेही तसंच. चालू विंडोजमध्ये रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची नोंद) फाइल्स विंडोजनेच उघडून धरलेल्या असतात, कॉपी करताना एरर येते, लोक स्किप दाबून पुढे जातात आणि नेमकं तेच नसेल तर विंडोज उठत नाही. शिवाय विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणाऱ्या विनएसएक्सएस फोल्डरमधल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक असतात, म्हणजे एकच फाइल दोन-तीन ठिकाणी दिसते, साध्या कॉपीत त्या वेगवेगळ्या होऊन जागा खातात, आणि फाइल्सच्या परमिशन्सही जशाच्या तशा येत नाहीत. क्लोनिंग सॉफ्टवेअर, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) करणारं, शॅडो कॉपी (चालू विंडोजचा गोठवलेला फोटोच म्हणा) घेऊन एका क्षणाचं पूर्ण चित्र पकडतं किंवा क्लोनझिलासारखं पेनड्राइव्हवरून बूट होऊन विंडोज बंद असताना पार्टिशनसकट डिस्क उतरवतं. फुकट आहे ते, वापरा.

मॅकवाल्यांना हाच मेसेज पाठवू नका प्लीज, 2020 च्या बिग सरपासून तिथला सिस्टिम व्हॉल्यूम सही करून सीलबंद असतो, हाताने कॉपी करून तो बनतच नाही.

आणि "कायमची चिंता मिटली" हे तर सगळ्यात धोक्याचं! क्लोन म्हणजे त्या दिवसापर्यंतचंच सगळं, परवा केलेलं काम त्यात नाही. आज चुकून उडवलेली फाइल उद्या त्याच क्लोनवर नवा क्लोन घेतला की तिथूनही गेली, म्हणून कागदपत्रं-फोटोंचा जुन्या तारखांसकट वेगळा बॅकअप हवाच. डिस्क कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही लॉक करतं.

क्लोन झाल्यावर एक गोष्ट मात्र नक्की करा. मशीन बंद करून मूळ डिस्क काढा, क्लोन तिच्या जागी लावा आणि बूट करून बघा. दोन्ही एकत्र लावल्या तर सिग्नेचर (डिस्कची ओळख-खूण) सारखी असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकू शकतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, बूट करताना मागू शकतो. डेस्कटॉप दिसला, लॉगिन झालं, दोन-चार प्रोग्राम उघडले, मगच ती क्लोनची डिस्क काढून कपाटात ठेवा.