सोळाव्या वर्षी मोठा, बाविसाव्या वर्षी लहान

मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शेने दोघांचा जीव घेतला आणि सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आमच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं, "न कळायला तो काय कुक्कुलं बाळ आहे का?" निबंधाचा राग मलाही आला, पण इकडे नेदरलँड्समध्ये वाद नेमका उलटा आहे. आपण दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१५ मध्ये कायदा बदलला आणि गंभीर गुन्ह्यात १६ ते १८ च्या मुलांना मोठ्यांसारखं कोर्टात उभं करायची वाट उघडली. यांनी २०१४ मध्ये २३ वर्षांखालच्या गुन्हेगारालाही अल्पवयीनांचा कायदा लावायची मुभा जजला दिली. (१६-१७ च्या पोराला मोठ्यांची शिक्षा इथेही होऊ शकते, उगाच स्वर्ग समजू नका.)

मेंदूचं विज्ञान दोन्हीकडे एकच आहे, आणि ते म्हणतं की ग्रुपवरचं वाक्य बरोबरच आहे. कळतं! शांत बसवून विचारलं तर सोळाव्या वर्षी मुलं जवळपास मोठ्यांइतकाच विचार करतात, पण ब्रेक लावणारा मेंदूचा पुढचा भाग पिकायला पंचविशी उजाडते. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर हे तपासलं. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, एवढंच. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत, मित्र बघायला बसले की मात्र सुसाट सुटली, आणि मोठ्यांना प्रेक्षकांनी काही फरक पडला नाही.

आता यावर कोणी म्हणेल, मग सोडून द्यायचं का सगळ्यांना? अजिबात नाही. असाच कच्चा मेंदू घेऊन लाखो पोरं कोणाला न चिरडता मोठी होतात, आणि गाडीची चावी मेंदू देत नाही, घरातलं कोणीतरी देतं, त्याचा हिशोब वेगळा.

माझं भांडण आपल्याकडच्या प्राथमिक मूल्यांकनाशी आहे, म्हणजे मुलाला मोठ्यांसारखं कोर्टात उभं करायचं का हे ठरवण्याआधी होणाऱ्या तपासणीशी. मुलाला परिणाम समजण्याची क्षमता होती का हे घटनेनंतर बऱ्याच दिवसांनी, शांत खोलीत, प्रश्न विचारून ठरवायचं, म्हणजे जे त्याला येतंच त्याचीच परीक्षा घ्यायची. त्यापेक्षा सोबत कोण होतं, कोणी चढवलं, याआधी किती वेळा असं झालं आणि घरच्यांनी काय केलं, हे आधी विचारा ना.