स्वतःचा पत्ता

गेल्या आठवड्यात भाडेकराराची नोंदणी करण्यासाठी एजंट घरी आला होता. त्याच्या लहानशा यंत्रावर मी तीन वेळा अंगठा टेकवला आणि तिन्ही वेळा ठसा उमटला नाही. "मॅडम, भांडी घासणाऱ्यांचे ठसे पुसट असतात, जरा हात पुसून पुन्हा ठेवा," असे तो सहजपणे म्हणाला. चौथ्या प्रयत्नात ठसा आला आणि मी या शहरात राहते हे सांगणारा पहिला सरकारी कागद वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी माझ्या नावावर तयार झाला. पुण्यात येऊन मला तेव्हा साडेचार वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

जुलै २०२१ मध्ये मी परभणी जिल्ह्यातील गंगाखेडहून रात्रीच्या गाडीने स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी इथे आले. सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या खोलीत आम्ही सहा जणी 'कॉट बेसिस'वर, म्हणजे प्रत्येकी एका कॉटपुरते भाडे देऊन, राहत होतो. खोली मालकाची, डबा मेसवाल्या काकूंचा, दिवसाचे बारा तास ज्या खुर्चीवर बसायचे ती अभ्यासिकेची आणि या सगळ्याचे पैसे बाबांच्या सोयाबीनचे. भाडे रोख दिले जाई, त्यामुळे कागदाचा प्रश्न कोणी काढत नसे आणि आम्हालाही तो सुचत नसे, कारण निकाल लागला की नियुक्ती होईल, पुढे शासकीय निवासस्थान मिळेल, असे प्रत्येकीने मनाशी धरलेले होते. तात्पुरते म्हणून स्वीकारलेल्या त्या जगण्यात साडेतीन वर्षे गेली.

२५ ऑगस्ट २०२४ रोजी होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा लांबणीवर पडली आणि अखेर १ डिसेंबरला झाली. ती दिल्यानंतर मी थांबले. या निर्णयाविषयी बरेच बोलण्यासारखे आहे, पण एकच सांगते. खुल्या प्रवर्गासाठी कमाल वयोमर्यादा ३८ वर्षे आहे, म्हणजे नियमाने माझ्यापुढे अजून बारा वर्षे शिल्लक होती. ही सवलत अनेकांना आधार देते हे मान्य आहे, परंतु थांबण्याची जबाबदारीही ती पूर्णपणे उमेदवारावर टाकते, आणि घरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, परक्याच्या खोलीत बसून तो निर्णय एकट्याने घ्यावा लागतो. मी फोनवर सांगितले तेव्हा बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग "परत येतेस का?" असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले.

बी.कॉम.ची पदवी होती, ती धूळ झटकून बाहेर काढली. हिशेबाचे टॅली हे सॉफ्टवेअर पुन्हा शिकले आणि मार्च २०२५ पासून एका लहान करसल्लागाराच्या कार्यालयात कामाला लागले. जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी दर महिन्याच्या ११ आणि २० या दोन तारखांभोवती आमचे आयुष्य फिरते. पगार अठरा हजार. वीसपेक्षा कमी माणसे असल्यामुळे भविष्य निर्वाह निधी नाही, म्हणून पोस्टात पीपीएफचे, दीर्घ मुदतीच्या बचतीचे, खाते उघडले. त्यात वर्षाला किमान पाचशे रुपये भरावे लागतात, तेवढे कोणत्याही वर्षी जमतील असा हिशेब केला. पहिल्या काही महिन्यांत तो हिशेबही जमला नाही. मे महिन्यात दाढ दुखू लागली आणि बाबांकडे पुन्हा पैसे मागावे लागले. त्याची तेव्हा वाटलेली लाज आज मला अनाठायी वाटते. अडचणीत मागता येईल असे घर पाठीशी असणे आणि त्या घराच्या भरवशावरच जगणे यांत पुष्कळ अंतर आहे.

खरी परीक्षा घर शोधताना झाली. "लग्न झाले आहे का? घरी कोणी पुरुष येतात का? मांसाहार करता का?" आणि या सगळ्याच्या आधी, अगदी सहज विचारल्यासारखे, "आडनाव काय म्हणालात?" एका मालकांनी वडिलांना फोन लावायला सांगितला आणि मी समोर बसलेली असताना माझ्या येण्याजाण्याच्या वेळा त्यांच्याशी ठरवल्या. हे घडले ते कर्वेनगरात. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि पुढे तो ज्या हिंगण्याच्या माळावर नेला, त्याच परिसराला आज कर्वेनगर म्हणतात. घरातून बाहेर पडलेल्या स्त्रीला राहायला जागा हवी, त्याशिवाय तिच्या शिक्षणाला अर्थ नाही, हे ज्या भागात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला कळले होते, तिथे कमावत्या मुलीला आजही वडिलांचा फोन जोडून द्यावा लागतो.

शेवटी एक जागा मिळाली, पण मालकांनी करार नोंदवायला नकार दिला. "कशाला उगीच खर्च? विश्वास आहे ना?" वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे. शहरी भागात नोंदणी शुल्क हजार रुपये, म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हताच. नोंदणीकृत कराराविना आधारवरचा पत्ता बदलता येईना आणि तो बदलेना म्हणून बँकेची शाखाही गंगाखेडचीच राहिली. मालकांना जो विश्वास वाटत होता, तो कोणत्याही खिडकीवर दाखवता येत नव्हता. पाच किलोचा गॅस सिलिंडर मात्र पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्रावर मिळाला. त्या छोट्या सिलिंडरविषयी मला आजही कृतज्ञता वाटते.

मुलगी कमावू लागली की आपल्याकडे "ती स्वतःच्या पायावर उभी राहिली" असे म्हणतात. पाय कोणत्या जमिनीवर आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही. पगार सुरू झाल्यानंतरही वर्षभर मी या शहरात केवळ वावरत होते. मालक म्हणाले असते तर आठ दिवसांत बॅग भरावी लागली असती आणि माझ्यापाशी दाखवायला काहीही नसते. म्हणून मला वाटते की घर सोडून आलेल्या तरुणांनी पहिल्या पगारातून फोन घेण्यापूर्वी नोंदणीकृत कराराचा आग्रह धरावा. आग्रह धरला की जागा हातची जाते, हेही मी अनुभवले आहे. तरीही धरावा. पालकांनीही "पैसे पुरतात का?" यासोबत "कागद कोणाच्या नावावर आहे?" असे विचारायला हरकत नाही.

जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. जन्मभर त्या पंढरपुरात नामदेवांच्या घरी राहिल्या, स्वतःला दासी म्हणवून घेतले, तरी अभंगाच्या शेवटी नाव स्वतःचेच घातले. घर दुसऱ्याचे असले तरी नाव आपले असू शकते, हे मला शाळेत कळले नव्हते.

आता सहकारी मैत्रिणीसोबत वन रूम किचनमध्ये राहते. भाडे तेरा हजार, निम्मे निम्मे, आणि करारावर दोघींची नावे आहेत. आधारवरचा पत्ता बदलण्यासाठी अर्ज केला आहे. मतदार यादीतील नाव मात्र अजून गंगाखेडलाच आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या मतदानासाठी मी तिकडेच गेले होते. स्थलांतरासाठीचा नमुना ८ आता भरून ठेवला आहे, पण सादर केलेला नाही. रेशन कार्डावरचे नाव कमी करण्याचा विषय काढला, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "ते राहू दे की. ते काय खायला मागतंय?" तिथे मी वाद घातला नाही.