‘14 गुण’ पाहून मुलांच्या दुखापतीचं भाकीत करू नका

नागपुरात उन्हाळी शिबिरं लागली की पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: ‘तायक्वांदो-कराटेच्या प्रत्येक मुलाची हालचाल-चाचणी करा. 21 पैकी 14 किंवा कमी गुण आले तर दुखापत ठरलेली, जास्त आले तर निर्धास्त. कमी असतील तर रोज ताणून स्प्लिट (दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसणं) पूर्ण करून घ्या.’ तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी घातक.

ही चाचणी म्हणजे FMS (फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन): उकिडवं बसण्यासारख्या सात हालचाली, प्रत्येकीला जास्तीत जास्त 3 गुण. 14 चा आकडा आला 2007 च्या एका अभ्यासातून. त्यात अमेरिकन फुटबॉलचे 46 व्यावसायिक खेळाडू होते, एकही लहान मूल नाही. पुढच्या अभ्यासांत गुण आणि दुखापतीचं नातं कच्चंच निघालं. शिवाय एकाचे गुण घोट्यामुळे जातात, दुसऱ्याचे खांद्यामुळे. बेरजेत दोघं सारखेच. मूल उकिडवं बसताना टाच उचलतं? टाचेखाली फळी द्या. आता नीट बसलं तर अडचण बहुधा घोट्यात. मग भिंतीसमोर उभं करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगा आणि पाऊल जितकं मागे नेता येईल ते अंतर अंगठ्यापासून भिंतीपर्यंत मोजा. दोन पायांत 2 सेंमीहून जास्त फरक निघाला, तर ज्या पायाचं अंतर कमी, त्या घोट्यावर काम करा. चाचणीचा खरा उपयोग इथे आहे.

जास्त गुण म्हणजे निर्धास्त, हेही नाही. सातही चाचण्यांत एकही उडी नाही. किक मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो का, ते गुणांत येत नाही. जुनी दुखापतही येत नाही, आणि पुढच्या दुखापतीची सगळ्यात भरवशाची खूण तीच.

आता स्प्लिट. मुली साधारण 11-13, मुलगे 13-15 या वयात झपाट्याने वाढतात. स्नायू हाडाला धरतो तिथे अजून कूर्चा (हाडापेक्षा मऊ भाग) असते, आणि ती स्नायूच्या आधी तुटते. मुलाला बसवून वरून दाबलं की बैठकीच्या हाडाचा तुकडा निघू शकतो: ‘टक’ असा आवाज, ढुंगणाखाली कळ, लंगडणं. ‘शीर ओढली’ म्हणून मालिश करू नका, एक्स-रे काढा.

करायचं काय? दर 3 महिन्यांनी उंची मोजा; 2 सेंमी किंवा जास्त वाढली तर उड्या आणि किकची संख्या कमी करा. सरावाआधी 15 मिनिटं वॉर्म-अप; त्यात प्रत्येक पायावर 30 सेकंद तोल, मग 5 उड्या आवाज न करता उतरून, गुडघा बोटांच्या रेषेत. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) घाम आधीच निघालेला असतो, अंग तापलंय असं वाटतं, म्हणून आपल्याकडे नेमकी हीच 15 मिनिटं गाळतात. वेळ कमी असेल तर शेवटचं स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) गाळा.